रोहीथची वाटचाल : कंपनीचा क्लब ते वस्तीचं पॅव्हेलियन

जुलै 1924 मध्ये बर्मिंगहॅमच्या दक्षिणेकडच्या रोहीथ या भागात, विस्तीर्ण हिरव्या मैदानांच्या मधोमध एक पॅव्हेलियन सुरू झालं. ज्यांच्या सूचनांनुसार ते उभं राहिलं ते जॉर्ज कॅडबरी उद्घाटनाच्या दिवशी हयात नव्हते. ऑक्टोबर 1922 मध्ये त्यांचं निधन झालं होतं. त्यांच्या चॉकलेटच्या कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी बांधलेल्या या वास्तूत नृत्याचं मोठं दालन होतं, जेवणाचं दालन होतं, चहापानाच्या खोल्या होत्या आणि खेळाडूंसाठी कपडे बदलण्याच्या खोल्या होत्या. भोवती सुमारे 75 एकर मोकळी जमीन होती. त्यात फुटबॉल आणि हॉकीची मैदानं, धावण्यासाठी गवताचा मार्ग, लॉन बोल्स या चेंडू घरंगळवण्याच्या खेळासाठी कातरलेली हिरवळ आणि मासेमारीचं तळं असा सगळा पसारा होता. पुढे 1937 मध्ये उघड्यावरचा पोहण्याचा तलावही झाला आणि त्याला तिथल्याच झऱ्याचं पाणी मिळालं. यातल्या कोणत्याही सोयीसाठी कामगाराला किंवा त्याच्या घरच्यांना पैसे मोजावे लागत नसत.

हे सगळं चालवायचं कोणी, आणि चालवणारा थकला तर काय, हा प्रश्न त्या दिवशी कुणाला पडला नसेल. धंदा भरभराटीला होता. पण रोहीथची पुढची वाटचाल याच प्रश्नाभोवती फिरते. आपल्याकडे कंपन्यांच्या वसाहती, जिमखाने आणि मैदानं ज्या वेगाने नकाशावरून जात आहेत ते पाहता ही वाटचाल मराठी वाचकानेही नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

कॅडबरी घराण्याचा व्यवसाय 1824 मध्ये जॉन कॅडबरी यांनी बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर काढलेल्या एका दुकानापासून सुरू होतो. चहा, कॉफी आणि कोको हा तिथला माल. हे कुटुंब क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं. दारूने गरिबांच्या संसाराची धूळधाण होते हे त्यांनी जवळून पाहिलं होतं, आणि कोकोकडे ते दारूला पर्याय म्हणूनही पाहत. 1861 मध्ये रिचर्ड आणि जॉर्ज या मुलांनी कारभार हाती घेतला. 1879 मध्ये त्यांनी शहरातल्या धुरकट, कोंदट वस्तीतून कारखाना उचलला आणि दक्षिणेला सुमारे चार मैलांवर, बॉर्न नावाच्या ओढ्याकाठी शेतांमध्ये नेला. त्या जागेचं नाव बॉर्नव्हिल. रेल्वे जवळ होती, कालवा जवळ होता, त्यामुळे हा निर्णय व्यवहाराचाही होता. पण कारखान्याच्या आराखड्यात खेळाच्या मैदानाला पहिल्यापासून जागा मिळाली. 'बागेतला कारखाना' ही बॉर्नव्हिलची ओळख तिथून पडली.

1896 मध्ये कामगारांचा ॲथलेटिक क्लब स्थापन झाला. 1902 मध्ये, सातव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकाची आठवण म्हणून, कारखान्यासमोरच्या मैदानावर पहिलं पॅव्हेलियन उभं राहिलं. क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला असलेली ही लाकडी चौकटीच्या धाटणीची देखणी इमारत बॉर्नव्हिलच्या छायाचित्रांत आजही हटकून दिसते. ते मैदान पुरुषांचं. बायकांसाठी रस्त्याच्या पलीकडे वेगळं मैदान आणि वेगळी बाग होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत मुलींसाठी पोहण्याचा बंदिस्त तलाव बांधला गेला आणि तरुण कामगार मुलींना तिथे पोहायला शिकवलं जाई. त्या काळात गिरणी-कारखान्यातल्या मुलीला पोहता येणं ही साधी गोष्ट नव्हती. मात्र याच कारखान्यात लग्न झालं की मुलीला नोकरी सोडावी लागे, आणि निरोपाला बायबलची प्रत व फूल मिळे. त्या नोकरीसोबत तिचा तलाव, तिचं मैदान आणि तिच्या मैत्रिणींचा संघही सुटत असणार. मालकाच्या उदारपणाला मालकानेच आखलेली चौकट होती, हे बॉर्नव्हिलचं कौतुक करताना विसरता येत नाही.

या साऱ्याचा वृत्तांत छापण्यासाठी कंपनीने 1902 मध्ये 'बॉर्नव्हिल वर्क्स मॅगझिन' हे मासिक सुरू केलं. मराठी वाचकाला इथे किर्लोस्करवाडी आठवल्यावाचून राहणार नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना आणि वसाहत वसवली, आणि दहा वर्षांनी तिथूनच 'किर्लोस्कर खबर' निघालं. कारखान्याच्या बातमीपत्रातून पुढे मराठीतलं एक मोठं मासिक घडलं. जमशेटजी टाटांनी आपल्या मुलाला, दोराबजींना, पोलादाच्या भावी नगराविषयी पत्र लिहिलं तेही 1902 चंच. रुंद रस्ते, भराभर वाढणारी सावलीची झाडं, हिरवळी, बागा, फुटबॉल-हॉकीसाठी भरपूर जागा, असं सगळं त्या पत्रात आहे. या माणसांनी एकमेकांचं पाहून हे केलं असं मला म्हणायचं नाही. कारखाना काढणाऱ्याने कामगाराच्या श्वासाचा आणि सुट्टीच्या दिवसाचाही विचार करायला हवा, ही जाणीव त्या पिढीतल्या काही थोड्या उद्योजकांमध्ये खरोखर होती, आणि तिला आपण मान द्यायला हवा.

बॉर्नव्हिलच्या मैदानांवर गर्दी मावेना, तेव्हा 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला रोहीथची जमीन घेतली गेली आणि पॅव्हेलियन झालं. तिथली पहिली काही दशकं सुखाची होती. शनिवारी दुपारी सामने, संध्याकाळी नृत्य, उन्हाळ्यात लिडो नावाने ओळखला जाणारा तो उघडा तलाव. एकाच वेळी अनेक संघ खेळू शकतील एवढी जागा, आणि सामना संपल्यावर एका छपराखाली जेवायला बसतील एवढी इमारत. रोहीथचं खरं वैशिष्ट्य मला यात दिसतं. नुसतं मैदान असतं तर खेळाडू खेळून घरी गेले असते. नुसतं सभागृह असतं तर वर्षातून चार कार्यक्रम झाले असते. इथे खेळणारा, खेळ पाहायला आलेली त्याची बायको, बागेत हुंदडणारी पोरं आणि हिरवळीवर लॉन बोल्स खेळणारा निवृत्त म्हातारा या सगळ्यांना एकाच जागी येण्याचं कारण होतं.

आता कळीची गोष्ट. जॉर्ज कॅडबरींनी कारखान्याभोवती वसवलेलं गाव 1900 मध्येच एका स्वतंत्र ट्रस्टच्या हवाली केलं होतं. बॉर्नव्हिल व्हिलेज ट्रस्ट हे त्याचं नाव. घरं फक्त कॅडबरीच्या कामगारांसाठी राखून ठेवलेली नव्हती, आणि भाड्याचं उत्पन्न पुन्हा वस्तीवरच खर्च व्हायचं. स्वतःची मालकी सोडून देण्याचं हे धाडस गावाच्या कामी आलं. कंपनी 1969 मध्ये श्वेप्स या कंपनीत विलीन झाली, 2010 मध्ये क्राफ्ट या कंपनीने ती विकत घेतली, दोन वर्षांनी ती माँडेलीझच्या छत्राखाली गेली. ट्रस्ट मात्र गावाचं काम पाहत राहिला. क्लबाचं तसं नव्हतं. गवत कापणं, छप्पर शाकारणं, बॉयलर पेटता ठेवणं, तलावाचं पाणी स्वच्छ राखणं हा खर्च कंपनीच्या कामगार कल्याणाच्या हिशेबातून व्हायचा. सगळं फुकट असल्यामुळे क्लबाला स्वतःचं उत्पन्न उभारण्याची सवयच लागली नाही. कंपनी जोमात होती तोवर ही व्यवस्था आदर्श वाटली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्यातली उणीव उघडी पडत गेली.

ब्रिटनमधल्या बहुतेक कारखान्यांच्या क्लबांवर त्या काळात हीच वेळ आली. यंत्रं वाढली आणि माणसं कमी झाली. ज्याच्याकडे मोटार आली तो कारखान्याजवळ राहीना. घरात दूरदर्शन संच आला तशी शनिवारची नृत्यं ओसरली. विलीनीकरणानंतर निर्णय घेणारी माणसं दूरच्या कचेरीत बसू लागली. त्यांच्या ताळेबंदात 75 एकर गवत ही मोकळी पडलेली मौल्यवान जमीन होती. रोहीथचं पॅव्हेलियन हळूहळू मोडकळीला आलं. लिडो 1987 मध्ये बंद झाला. पन्नास उन्हाळे ज्यात पोरं पोहली तो तलाव गेला आणि परत आला नाही. रोहीथच्या कहाणीतलं हे खरं नुकसान आहे, आणि पॅव्हेलियन वाचल्याच्या आनंदात ते झाकून जाऊ नये.

पॅव्हेलियन वाचलं, कारण 1980 च्या दशकात एक स्थानिक ख्रिस्ती धर्मादाय ट्रस्ट पुढे आला आणि त्याने ही वास्तू सांभाळायला घेतली. असं काम किती चिकाटीचं असतं याची कल्पना बाहेरून येत नाही. 1920 च्या दशकातली मोठी इमारत दुरुस्त करायची म्हणजे आधी छप्पर. पाणी वरून झिरपत असताना आतल्या रंगावर खर्च करणं म्हणजे पैसा वाया घालवणं. मग पन्हळी आणि गटारं. नंतर विजेच्या तारा, ज्या त्या काळच्या मापाने टाकलेल्या असतात आणि आजच्या स्वयंपाकघराचा भार पेलू शकत नाहीत. मग एवढ्या मोठ्या दालनांना ऊब देण्याचा प्रश्न. इंग्लंडच्या हिवाळ्यात गरम न होणारं सभागृह कोणी भाड्याने घेत नाही. नृत्यासाठी घातलेल्या लाकडी जमिनीत एकदा ओल शिरली की फळ्या फुगतात, आणि त्या जशाच्या तशा बसवणारे सुतार शोधावे लागतात. कपडे बदलण्याच्या खोल्या तर एका वेगळ्याच जगासाठी बांधलेल्या असतात. मोठमोठे पुरुषसंघ एकदम येतील आणि एकदम आंघोळ करतील असं गृहीत धरलेलं असतं. आज तिथे मुली फुटबॉल खेळतात, लहान मुलांचे संघ पालकांसह येतात, व्हीलचेअरवरचा माणूस येतो. त्या प्रत्येकासाठी दारं, पायऱ्या आणि भिंती नव्याने योजाव्या लागतात. मैदानाचंही तेच. ज्या गवतावर आठवड्याला पाच-सहा सामने होतात त्याच्या खालचा पाण्याचा निचरा बिघडला तर हिवाळाभर चिखलच उरतो. तळ्यात पाचोळा आणि गाळ साठतो, काठ ढासळतात. या कामांची उद्घाटनं होत नाहीत आणि ती कधी संपतही नाहीत.

पण रोहीथमध्ये दुरुस्तीपेक्षाही महत्त्वाचा बदल दारात झाला. पूर्वी तिथे येण्याचा हक्क कारखान्यातल्या नोकरीतून मिळायचा. आता जो परिसरात राहतो तो येऊ लागला. कॅफे सुरू झाला. सकाळी कुत्र्याला फिरवायला आलेली माणसं तिथे चहाला बसतात. लग्नाचे स्वागतसमारंभ, मेजवान्या, मैफली होतात. रविवारी उपासना होते. मैदानांवर फुटबॉल चालू राहिला. भाड्याच्या आणि कॅफेच्या पैशातून इमारतीचा खर्च निघावा, ही जबाबदारी पॅव्हेलियनने प्रथमच स्वतःच्या अंगावर घेतली. धार्मिक संस्थेच्या हाती सार्वजनिक जागा जावी का, असा प्रश्न कुणी विचारू शकेल, आणि तो रास्त आहे. माझं उत्तर असं की जागा सगळ्यांसाठी उघडी आहे की नाही, एवढंच पाहावं. शिवाय क्वेकर श्रद्धेतून निघालेली वास्तू पुन्हा श्रद्धाळू माणसांनीच सावरली, यात मला विसंगती दिसत नाही.

याच उद्योगातला दुसरा क्लब वेगळ्या वाटेने गेला, आणि त्याची गोष्ट कडू आहे. ब्रिस्टॉलची फ्राय कंपनी कॅडबरीहूनही जुनी. साच्यात घातलेली चॉकलेटची वडी तिने 1847 मध्ये बनवली. 1919 मध्ये ती कॅडबरीशी जोडली गेली आणि 1920 च्या दशकात केन्शमजवळ एव्हन नदीच्या वळणात, सॉमरडेल इथे तिचा नवा कारखाना उभा राहू लागला. तिथेही मैदानं होती, फ्राय क्लब होता. ऑक्टोबर 2007 मध्ये कॅडबरीने हा कारखाना बंद करून उत्पादन पोलंडला नेण्याचं जाहीर केलं. 2009 मध्ये कॅडबरी विकत घेण्याच्या प्रयत्नात असलेल्या क्राफ्टने सॉमरडेल चालू ठेवता येईल असा विश्वास बोलून दाखवला. कामगारांच्या आशा पल्लवित झाल्या. फेब्रुवारी 2010 मध्ये खरेदी पूर्ण झाली आणि आठवड्याभरात क्राफ्टने कारखाना बंदच होणार असल्याचं सांगितलं. सुमारे 400 नोकऱ्या गेल्या. त्या विधानाबद्दल, कंपन्यांच्या खरेदीवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटनच्या टेकओव्हर पॅनेलने क्राफ्टवर जाहीर ठपका ठेवला, पण कारखाना वाचला नाही. 2011 मध्ये तो थांबला.

जमीन टेलर विम्पी या बांधकाम कंपनीकडे गेली. तिथे शेकडो घरं झाली. जुन्या कारखान्याच्या भव्य विटांच्या इमारतींत सेंट मोनिका ट्रस्टने 2017 मध्ये 'चॉकलेट क्वार्टर' नावाची ज्येष्ठांची वसाहत सुरू केली. मैदानांचा काही भाग राहिला, आणि क्लबाला नवी इमारत मिळाली. ती आज सॉमरडेल पॅव्हेलियन म्हणून ओळखली जाते. कारखाना गेला तरी मैदानावर खेळ चालू राहिला, याचं श्रेय त्या योजनेला द्यायला हवं. घरं बांधायची परवानगी हवी तर खेळाची सोय आधी लिहून द्या, अशी अट स्थानिक प्रशासन घालू शकतं, आणि ती पाळली जाते का यावर नजर ठेवू शकतं. जिथे जमिनीचा भाव वाढतो तिथे मैदान वाचवण्याचा हा एक खात्रीचा मार्ग आहे.

आपल्याकडे कॅडबरीचं नाव 1948 पासून आहे. ठाण्यातल्या कारखान्यामुळे पोखरण रस्त्याच्या तोंडाशी असलेला चौक अजूनही कॅडबरी जंक्शन म्हणूनच ओळखला जातो. त्या रस्त्यावरून आज जा. जिथे कारखाने आणि त्यांची मोकळी आवारं होती तिथे उंच गृहसंकुलं उभी आहेत. मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं ते सांगायला नको. टाटा, एसीसी, निर्लॉन, मफतलाल या कंपन्यांचे संघ टाइम्स शिल्ड या क्रिकेट स्पर्धेत खेळायचे. पॉली उम्रीगरांपासून सुनील गावसकरांपर्यंत कितीतरी खेळाडूंच्या संसाराला कंपनीच्या नोकरीचा आधार होता. गिरणगावातल्या कबड्डीच्या मैदानांनी किती मुलांना रेल्वेत, बँकेत, पोलिसांत नोकरी मिळवून दिली त्याची मोजदाद कुणी केलेली नाही. ती करायला हवी.

आपल्या राज्याने यावर एक वेगळं उत्तर फार लवकर शोधलं होतं. 1953 च्या कायद्याने कामगार कल्याण निधी उभा राहिला. त्यात कामगार, मालक आणि सरकार तिघांचीही वर्गणी असते. या निधीवर चालणाऱ्या मंडळाने ललित कला भवनं काढली, वाचनालयं काढली, नाट्यस्पर्धा भरवल्या. एखादी कंपनी बुडाली तरी हा निधी बुडत नाही, हे त्याचं मोठं बळ आहे. बॉर्नव्हिलच्या ट्रस्टमागचा विचार आणि या निधीमागचा विचार इथे एकमेकांच्या जवळ येतात. आज त्यातल्या अनेक वास्तूंना रोहीथसारख्याच दुरुस्तीची गरज आहे. आणि त्याहून जास्त गरज आहे ती दारं रुंद करण्याची. घरोघर सामान पोचवणारा मुलगा, कंत्राटावर काम करणारी सफाई कामगार, संगणकाच्या कंपनीत रात्रपाळी करणारी मुलगी हेही कामगारच आहेत. त्यांना या भवनांत आपली जागा आहे असं वाटलं पाहिजे.

पिंपरी, सातपूर, ठाणे, वाळूज, बुटीबोरी, कुठेही तुमच्या शेजारी एखाद्या कंपनीचं मैदान किंवा जुनं क्लबघर अजून शिल्लक असेल, तर कारखाना बंद होण्याची वाट पाहू नका. त्या जागेचा सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक काढा. शहराच्या विकास आराखड्यात ती कोणत्या रंगात दाखवली आहे ते पाहा. क्रीडांगणाचं आरक्षण असेल, तर महानगरपालिकेने ती जागा ताब्यात घेण्यासाठी काय केलं ते लेखी विचारा, कारण दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालकाला नोटीस देऊन आरक्षण उठवून घेण्याची वाट कायद्यात आहे. आरक्षण बदलण्याची सूचना प्रसिद्ध झाली तर हरकत नोंदवायला मुदत असते, ती चुकवू नका. आणि तिथे रोज खेळणारी मुलं, चालायला येणारे ज्येष्ठ, व्यायामशाळेतली पोरं यांची एक नोंदणीकृत संस्था आजच उभी करा. मैदान सांभाळायला घेणारं कोणीतरी हवं असेल, त्या दिवशी ती संस्था तयार असली पाहिजे.